देव जेवताना बघू नये

१६ जुलै २०२३, रविवार. दुपारी.

आज सुशीलने बैठकीच्या भिंतीवर कॅमेरा ठोकला. मला न विचारता. म्हणजे विचारलं, मी नाही म्हटलं, आणि ठोकला. पोटच्या पोट्ट्याने आईवर पहारा बसवला. लिहून ठेवते, पुढे कोणी म्हणायला नको की वनमालाबाई उगाच चिडते.

कारण काय, तर मागच्या आठवड्यात मला चक्कर आली. बाईमाणसाला चक्कर येते. डॉक्टरकडे नेलं तर त्याने साखर काढली. गोड बंद म्हणे. डॉक्टर सुशीलपेक्षा लहान, आणि त्याच्याच टेबलावर कोणीतरी आणून दिलेला मिठाईचा डबा. झाकण नीट लागलेलं नव्हतं. मी सगळं पाहिलं.

सुशील नवा रायपुरात कॉलेजमध्ये फिजिक्स शिकवतो. तिथेच फ्लॅट. त्याचं म्हणणं, तू आणि बाबा दोघंही तिकडे चला, अनुश्री पथ्याचं बघेल. अनुश्री म्हणजे सून. नवा रायपुरात आहे काय? रस्ता. इतका रुंद की पलीकडची बाई शेजारीण आहे की दुसऱ्या गावची, कळत नाही. बस कधी येईल ते बसवाल्यालाही माहीत नाही. इथे जुन्या रायपुरात, बूढापारा मोहल्ल्यात गॅलरीतून वाकलं की भाजीवाली, तलावाचा वारा, मंगळवारचं भजन. मी साफ सांगितलं, मले इथून न्यायचं असेल तर चौघांना बोलाव, खांदा द्यायला. तो म्हणाला, मम्मी, ड्रामा मत करो.

शेवटी तह झाला. ऑक्टोबरात रक्ताची टेस्ट. साखर सातच्या आत आली तर मी इथेच, पुन्हा विषय काढायचा नाही. वर गेली तर सामान बांधायचं. गजानन महाराजांच्या तसबिरीपुढे शब्द दिला. तोवर हा कॅमेरा. आमची बैठक त्याच्या मोबाईलवर दिसते म्हणे.

निश्चय. गोड बंद. कॅमेऱ्यासमोर जशी आहे तशीच वागणार, ते डबडं बघो की न बघो. सुशीलशी आठ दिवस अबोला.

हे म्हणाले, कॅमेऱ्याचा दिवा छान निळा आहे. रेल्वेतून रिटायर झाले तरी सिग्नल दिसला की खूष.

१७ जुलै, सोमवार. पहाटे.

पाचला उठले. आंघोळ करून नवी साडी नेसले. ती तशीही आज नेसायचीच होती. पोथी मोठ्याने वाचली. बिनसाखरेचा चहा घेतला, कॅमेऱ्याकडे तोंड करून. बिनसाखरेचा चहा म्हणजे पातेलं विसळलेलं पाणी.

श्यामरावांनी, म्हणजे यांनी, विचारलं, आज कोणी येऊन राहिलं का? कोणी नाही. मी रोजच अशी असते. यांचं लक्ष नसतं.

१८ जुलै, मंगळवार.

अधिक महिना लागला. यंदा श्रावण दोन. देवाने दिले, मी मागायला गेले नव्हते.

नैवेद्य दाखवायला बसले आणि अंगावर काटा आला. कॅमेरा नेमका देवघराकडे तोंड करून! आमच्या सासूबाईंची रीत अशी की ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, ताट झाकायचं, पडदा ओढायचा आणि पाठ करून बसायचं. देव जेवताना बघू नये. बघितलं तर देव उपाशी उठतो. इतकी वर्षं मी डोळा उघडला नाही, आणि आता माझा पोट्टा कॉलेजात बसून देवाचे घास मोजणार?

यांच्या छत्रीच्या टोकाने खणाचं कापड कॅमेऱ्यावर टाकलं. लगेच फोन. मम्मी, स्क्रीन काली क्यों है, गिर गई क्या? सुशील घाबरला की हिंदीत बोलतो. मी म्हटलं, देव जेवून राहिले. तो म्हणाला, किती वेळ जेवतील? मी म्हटलं, तुझ्यासारखे उभ्याने नाही जेवत. फोनमध्येच एक मोठा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, ठीक आहे, नैवेद्यापुरतं झाक, पण दिवसातून एकदाच ना? हव म्हटलं. अधिक महिन्यात काय काय असतं हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

अबोला दोन दिवसांत मोडला. त्याने मोडला. फोन त्याचा होता.

नैवेद्याला पेढे केले. साय साठलेली होती, ती काय नालीत ओतायची? प्रसाद म्हणून कणभर घेतला. प्रसाद गोडात धरत नाहीत. हे डॉक्टरला शिकवलेलं नसतं.

२५ जुलै, मंगळवार.

नैवेद्य आता चार. सकाळी लोणी-साखर, दुपारी पूर्ण पान, चार वाजता फराळ, सांजेला आटीव दूध. आपण दिवसातून चारदा तोंड हलवायचं आणि देवाला एकदा वाढायचं, ही कुठली भक्ती? लाज वाटली. सुधारणा केली.

हिशेबात साखर दोन ठिकाणी लिहिते. एक घर, एक देव. घरची साखर या महिन्यात जवळजवळ नाहीच. इतका संयम या अख्ख्या बूढापाऱ्यात कोणी दाखवावा. देवाच्या खात्यात मी डोकावत नाही.

कॅमेऱ्यासमोर बैठकीत चालते. भिंत ते भिंत. सोफा मध्ये येतो म्हणून यांना तो सरकवायला सांगितला. यांचं म्हणणं, सोफ्यावर मी बसलेलो आहे. उठा म्हटलं.

३० जुलै, रविवार.

दोघं आले. अनुश्रीने चपला काढल्या न काढल्या की स्वयंपाकघरात. डबे उघडून बघते. आपल्या सासूच्या घरात मी कधी असे डबे उघडले नाहीत, म्हणजे ती समोर असताना नाही. म्हणाली, आई, परसों वीडियो कॉल पे तो ये पेढ़े का डब्बा ऊपर तक भरा था, अब आधा है. मी म्हटलं, देवाचा आहे, हात लावू नको. ती म्हणाली, ऐसे तो भगवान को भी शुगर हो जाएगी. हे हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मी यांना नंतर विचारलं. सांगता आलं नाही.

विषय बदलायचा म्हणून यांनीच सुशीलला विचारलं, कॉलेजात काय शिकवून राहिला सध्या? झालं. नळ उघडला. पण आज मी नीट ऐकलं. कामाचं होतं.

आमच्या बैठकीला दोन दारं. एक स्वयंपाकघराचं, एक गॅलरीचं. सुशील म्हणाला, समजा त्या बाजूने एकेक इलेक्ट्रॉन सोडला. एक गेला की मग दुसरा. हजारो सोडले. प्रत्येकाचा पलीकडच्या भिंतीवर एक ठिपका. दारावर कोणी पहारेकरी नसेल तर ठिपक्यांची रांगोळी उमटते, पट्ट्यापट्ट्यांची. आणि ती रांगोळी अशी आहे की प्रत्येक जण कोण्या तरी एकाच दाराने आला असेल असं धरलं तर ती जुळतच नाही. मग तो कोणत्या दाराने आला? म्हणाला, सध्याच्या शास्त्राप्रमाणे हा प्रश्नच चुकीचा. बरं, आता दारात पहारा ठेवा. लगेच प्रत्येक जण मुकाट एकेका दाराने आलेला सापडतो. पण रांगोळी पुसली जाते. तुम्ही बघितलं आणि गोष्टच बदलली.

हे म्हणाले, आमच्या वेळी टीसी डब्यात चढला की असंच व्हायचं.

मी विचारलं, म्हणजे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं, याच्या मधल्या वेळात काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही? सुशीलचा चेहरा असा उजळला की मला त्याचा दहावीचा निकाल आठवला. म्हणाला, आई, तू एकदम सही पकडलंस! आमच्या पोट्ट्यांना हे समजायला सेमिस्टर जातं.

समजलं. फार बरं समजलं.

३१ जुलै, सोमवार. दुपारी.

आज मजा. पडदा काढला, कापड काढलं, आणि फोन. मम्मी, सकाळी ताटात पेढे होते, आता नाहीत, कुठे गेले? मी म्हटलं, सुशील, हा प्रश्नच चुकीचा आहे. तू पहिल्यांदा बघितलं तेव्हा होते. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा नव्हते. मधलं विचारायचं नाही. तूच सांगितलं, यांच्यासमोर.

मग म्हणाला, आई, पेढा म्हणजे इलेक्ट्रॉन नाही. मी म्हटलं, काहून? त्यात इलेक्ट्रॉन नसतात? म्हणाला, असतात, पण. मी म्हटलं, पण काय? म्हणाला, माझा क्लास आहे.

पीएचडी झालेला पोट्टा मॅट्रिक आईपुढे गप्प. विज्ञानात मला पासापुरते मार्क होते, पण तो पेपर तपासणाऱ्याचा दोष.

४ ऑगस्ट, शुक्रवार. संकष्टी.

दिवसभर आभाळ भरलेलं. रात्री चंद्र नाही. गॅलरीत उभी राहून मान दुखली. पंचांगातल्या वेळेला तुळशीपाशी अर्घ्य दिलं, मोदक दाखवले, उपास सोडला.

हे ताटावर बसले आणि म्हणाले, न बघताच चंद्र उगवला म्हणायचं ना? मी म्हटलं, उगवलाच, पंचांगात वेळ दिली आहे. हे म्हणाले, ढगाआड, कोणी बघत नसताना? मी म्हटलं, चंद्राला काय कोणी बघायला लागतं? हे म्हणाले, तेच म्हणतो. आणि पुढे वरण मागितलं.

महिना महिना बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा असं. वरण वाढलं. तूप वाढलं नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार.

खरा श्रावण सुरू. अधिक महिन्यात सवय झाली ती आता मोडणं बरं नाही. देवाला काय वाटेल.

निश्चय. भाद्रपदापासून नैवेद्य एकच.

चालणं बंद. कॅमेऱ्याला रोज रोज काय तेच दाखवायचं.

२६ ऑगस्ट, शनिवार.

पायाला मुंग्या. रात्री पाण्याला उठावं लागतं. पोथीची अक्षरं पुसट छापली आहेत. घसा सारखा कोरडा.

आज उलगडा झाला. दृष्ट! सहा आठवडे एक डोळा माझ्यावर रोखलेला आहे, पापणी न लवता. चांगल्या माणसाची नजर लागते, ही तर यंत्राची. आणि सुशील स्वतः म्हणतो की बघितल्याने वस्तू बदलते. म्हणजे मी बदलले ती त्याच्या बघण्याने. फोन करून सांगितलं, तुझ्या कॅमेऱ्याने माझी तब्येत खराब केली. तो म्हणाला, आई, लक्षणं सांग. सांगितली. त्याचा आवाज एकदम वेगळा झाला. म्हणाला, ही शुगरची आहेत, उद्याच टेस्ट करू. मी म्हटलं, ऑक्टोबर ठरलं आहे, महाराजांपुढे ठरलं आहे. तो म्हणाला, आई, प्लीज. त्याचं ते प्लीज ऐकून मला जास्तच राग आला. लहानपणी ताप आला की असाच बोलायचा.

मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन स्वतःची दृष्ट स्वतः काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे जबरदस्त लागली होती. मग कॅमेऱ्याचीही काढली. हे बघत होते. सोफ्यावर सरकून बसले.

७ सप्टेंबर, गुरुवार.

गोपालकाला. सगळं यथासांग.

हे म्हणाले, वनमाला, या घरात रोज पेढे होऊन राहिले असं ऐकतो. मी म्हटलं, हो, मग? हे म्हणाले, दोन महिन्यांत मले एक मिळाला. तोही सुशील आला तेव्हा.

खोटं. मी दिला असेल. प्रसाद मागून घ्यायचा असतो, हात पुढे करायचा असतो. सोफ्यावर बसून राहिलं तर देव काय आणून देणार? शिवाय मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर सुशीलला काहून नाही सांगितलं? हे म्हणाले, तुझ्या भजनाचा मंगळवार जाईल म्हणून.

उगाच रडू आलं. रागाने.

निश्चय. उद्यापासून पेढे बंद. फक्त नारळाच्या वड्या.

२२ सप्टेंबर, शुक्रवार. महालक्ष्म्या.

हा अपमान मी विसरणार नाही.

काल महालक्ष्म्या बसल्या, आज जेवण. सोळा भाज्या, पुरण, करंज्या, सगळं मी एकटीने. अनुश्रीने कांदा नसलेली कोशिंबीर केली, त्याचे दहा फोटो काढले. पान वाढलं, आरती झाली. आता आमच्याकडे खोलीला पडदा लावून सगळे बाहेर जातात, महालक्ष्म्या निवांत जेवतात. सगळे उठले. मी बसले. कोणीतरी आत नको का? मांजर येतं.

अनुश्री दारात उभी. शेजारची रमा आलेली, भजनातल्या सगळ्या बायका आलेल्या, आणि त्यांच्या देखत म्हणते, आई, आप तो कहती हो देव जेवताना बघू नये. फिर आप अंदर कैसे? मी म्हटलं, मी बघत नाही, पाठ करून बसते. ती म्हणाली, तो फिर बिल्ली कैसे दिखेगी? बायका हसल्या. सुशील मध्ये पडला, मला वाटलं माझ्या बाजूने. तर म्हणतो, आई, दारात जो पहारेकरी सांगितला होता ना, तो तूच आहेस. तू आत असलीस की हे न बघितलेलं राहत नाही.

मी म्हटलं, या घरात पडदा लागला की आत सासूबाई बसायच्या, आता मी बसते. मी मेले की तू बस. सण होता म्हणून सगळे बाहेर गेले. पडदा ओढला.

महालक्ष्म्या छान जेवल्या. पडदा काढला तर थोरलीच्या पानातली करंजी अर्धी! रमाने हात जोडले, साक्षात जेवल्या गं वनमालाबाई! बायका वाकून वाकून बघतात. अनुश्री मात्र करंजीकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पदराने पुसलं. घाम होता.

घामात खसखस नसते म्हणाली, हळूच, हिंदीत. मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

११ ऑक्टोबर, बुधवार.

परवा टेस्ट. मी अगदी शांत आहे.

कालपासून कडक. साखर नाही, गूळ नाही, खीर नाही. पितृपक्षात कावळ्याने न शिवलेली खीर होती ती आधीच संपलेली. उद्या निर्जळी केली की रक्तात शोधून साखर सापडायची नाही. ज्या दिवशी बघतील त्या दिवशी नसली म्हणजे झालं. बघितल्याशिवाय काही ठरत नाही, आणि बघणार परवा.

रमाला सांगितलं, पुढच्या मंगळवारचं भजन माझ्याकडे. ती म्हणाली, प्रसाद काय? म्हटलं, फुटाणे. लोकांना वाटतं मला गोडाची आवड.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.

रक्त दिलं. सुई टोचणारी पोट्टी म्हणाली, दादी, डरो मत. मी घाबरलेली नव्हते. बाटलीकडे बघितलं नाही, एवढंच.

परत येताना रिक्षातून सदर बाजार लागला. दिवाळीची गर्दी आताच. मनात यादी केली. यंदा लाडू देवापुरतेच.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री.

लिहायचं नव्हतं. लिहिते. कोणी तरी खरं लिहून ठेवायला हवं.

रिपोर्ट सुशीलच्या मोबाईलवर आला. तो स्वतः घेऊन आला, नवा रायपुरहून, भर उन्हात. सोफ्यावर बसला, पाणीही मागितलं नाही. म्हणाला, आई, नऊच्या वर आहे.

मी म्हटलं, शक्य नाही, दोन दिवसांत मी साखरेचं तोंड पाहिलेलं नाही. तो म्हणाला, ही दोन दिवसांची टेस्ट नाही. रक्तात जी लाल पेशी असते ती तीन-चार महिने फिरते, आणि रक्तात जेवढी साखर असेल तेवढी तिला चिकटत जाते. चिकटली की निघत नाही. ही टेस्ट तेच मोजते. म्हणजे जुलैपासूनचं सगळं.

फसवणूक! हे तेव्हा सांगायला नको होतं? तो म्हणाला, सांगितलं होतं, डॉक्टरनेही सांगितलं, तू डब्याकडे बघत होतीस.

मग मी शेवटचं काढलं. म्हटलं, पडदा होता. कॅमेऱ्यावर कापड होतं. कोणी बघत नव्हतं. कोणी बघत नसताना काय झालं हा प्रश्नच चुकीचा, हे कोणी सांगितलं होतं?

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. खाली जमिनीवर येऊन बसला, माझ्या पायापाशी. तळव्याला हात लावून विचारलं, इथे कळतं का? मला कळलं नव्हतं की त्याने हात लावला आहे. म्हणाला, आई, मी चुकीचं शिकवलं तुला, अर्धंच सांगितलं. बघायला डोळा लागत नाही. माणूस लागत नाही, कॅमेरा लागत नाही. कुठेही खूण राहिली की ते बघितल्यासारखंच झालं. तो इलेक्ट्रॉन एकटा असतो, पोकळीत, त्याला कोणी शिवत नाही, हवासुद्धा नाही, म्हणून त्याचं तसं चालतं. तुझा पेढा जिभेला लागला, पोटात गेला, रक्तात गेला, कोट्यवधी जणांना धक्के मारत गेला. प्रत्येकाने बघितलं. कापड टाकून काय होणार?

हे खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हटलं, मग तू तरी कॅमेऱ्यात काय बघत होतास इतके दिवस? दोन महिने मी तिथे उभी राहून फिका चहा प्यायले! तो खाली बघायला लागला. म्हणाला, आई, ऑगस्टपासून मी ॲप उघडलंच नाही. परीक्षा, पेपर. वाटलं, कॅमेरा आहे म्हटल्यावर तू नीट राहशील.

म्हणजे तो चहा कोणी बघितलाच नाही! पहाटेच्या साड्या नाही, पोथी नाही. आणि पेढे मात्र एकूण एक. हा कुठला न्याय? देव सगळं बघतो म्हणतात, तर देवाने चहा काहून नाही बघितला?

शब्द महाराजांपुढे दिलेला. दसऱ्यानंतर जायचं.

२९ ऑक्टोबर, रविवार. नवा रायपूर.

आले. सामान टेम्पोत, देव माझ्या मांडीवर. रमा गॅलरीतून बघत होती. मी वर बघितलं नाही.

इथे कॅमेरा नाही. अनुश्री म्हणाली, अब क्या ज़रूरत. रस्ता तसाच रुंद. सकाळपासून एक बस गेली, रिकामी.

१ नोव्हेंबर, बुधवार. संकष्टी.

चंद्र लख्ख. इथे आकाश भरपूर, बघायला दुसरं काही नाही.

अनुश्रीने स्वतः पेढे केले होते, नैवेद्यापुरते. म्हणाली, आई, देवाचं बंद नको करायला. हे मराठीत म्हणाली, म्हणून मी चिडले नाही. पान वाढलं, पाणी फिरवलं, झाकलं. पडदा इथे नाही, तर तिने ओढणी बांधली. मग म्हणाली, चला, सगळे बाल्कनीत बसू. सगळे म्हणजे मीसुद्धा. मांजर म्हणायला गेले, पण या मजल्यावर मांजर येत नाही.

बसलो चौघं. आत काय चाललं असेल ते मला कळेना. याआधी मला नेहमी कळायचं.

आत गेले. ओढणी सोडली, झाकण काढलं. पेढे होते तसे. एकही कमी नाही, एकाचाही कोपरा मोडलेला नाही. दुधावर साय धरली होती. झाकण ठेवून पुन्हा काढलं. बघितल्याने फरक पडतो म्हणाला होता. पडला नाही.

सुशील मागे उभा होता. हसेल असं वाटलं. नाही हसला. यांनी हात पुढे केला. मी एक पेढा दिला, मग आणखी एक दिला. चांगला झाला म्हणाले.

मला वाटतं मूर्ती तेवढ्या आल्या, देव बूढापाऱ्यातच राहिले. पडद्याआड, जेवायची वाट बघत. एकदा जाऊन बघून यायला हवं. सुशीलला तसं सांगितलं. म्हणाला, मंगळवारी नेतो, भजनाच्या वेळेला. आता आठवण झाली त्याला.

सगळे आत गेल्यावर चहा केला, माझ्यापुरता. साखरेचा डबा ओट्यावर उघडाच होता. भिंतीवर कॅमेरा नाही, दारात अनुश्री नाही.

फिका प्यायले. रागाने.